व्यवसाय-हस्तांतरण आणि ग्राहक-परताव्याचे दायित्व

एखादा व्यवसाय परदेशी खरेदीदाराला विकल्यानंतर, विक्रीपूर्वी घेतलेल्या मालाचे किंवा आगाऊ भरलेल्या वर्गणीचे पैसे ग्राहकाला कोणी परत करायचे, यासंबंधीचे कायद्याचे नियम. मूळ देणे कोणाचे, हे विक्री कशाची झाली यावर ठरते. खरेदीदाराच्या देशामुळे अडते ती वसुली.

कंपनीचे समभाग (शेअर) विकले असतील, तर करार करणारी कंपनी तीच राहते आणि देणेही तिच्याकडेच. मालमत्ता-विक्रीत नाव, संकेतस्थळ, मालसाठा व ग्राहकयादी खरेदीदाराकडे जाते. जुनी देणी मात्र, वेगळे ठरले नसेल तर, विकणाऱ्याकडे राहतात. धनकोच्या (ज्याचे येणे आहे त्याच्या) संमतीवाचून ऋणकोला (देणे लागणाऱ्याला) आपले देणे दुसऱ्यावर टाकून मोकळे होता येत नाही, आणि येथे धनको म्हणजे ग्राहक. रोमन कायद्यातील नोवातिओतही, म्हणजे जुन्या देण्याच्या जागी नवे देणे आणण्याच्या पद्धतीतही, धनकोला नव्या ऋणकोकडून नव्याने वचन घ्यावे लागे. इंग्लिश कायद्यातील संमतीच्या याच नियमाचे मूळ तेथेच शोधण्यापेक्षा, करार हे व्यक्तिगत बंधन आहे या समान कल्पनेतून दोन्ही नियम वाढले, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. परताव्याचा भार कोणी सोसायचा, याबद्दल विक्रेता व खरेदीदार आपसात जे ठरवतात, ते ग्राहकावर बंधनकारक नसते.

याला सर्वांत ठळक अपवाद जर्मन व्यापारसंहितेत (अंमल १९००) आहे. कलम २५ नुसार जुन्या व्यापारी नावाने धंदा चालू ठेवणारा खरेदीदार पूर्वीच्या व्यावसायिक देण्यांना बांधील असतो. ही जबाबदारी नाकारायची, तर तशी नोंद व्यापारी नोंदवहीत होऊन प्रसिद्ध व्हावी लागते किंवा धनकोला कळवावे लागते. विकणारा कलम २६ च्या पाच वर्षांच्या मुदतीच्या मर्यादेत जबाबदार राहतो. या तरतुदीमागील तत्त्वाविषयी मतभेद आहेत. नाव तेच पाहून लोक विश्वास ठेवतात, हे एक स्पष्टीकरण. पण मालक बदलल्याचे ठाऊक असलेल्या धनकोलाही संरक्षण मिळते, याचा उलगडा त्यातून होत नाही. देण्यांची हमी असलेली मालमत्ता जिकडे जाते तिकडे जबाबदारीही जावी, हे दुसरे. पण मग नावाची अट कशासाठी, हे ते सांगत नाही. जर्मन कायदेपंडित कार्स्टन श्मिट यांचा व्यवसायाच्या सातत्यावर भर देणारा विचार ग्राहकाच्या अनुभवाला अधिक जवळचा आहे. जपानच्या कंपनी कायद्यातही (२००५) नाव चालू ठेवण्यावर आधारलेला असाच नियम आहे. इटलीच्या नागरी संहितेचे कलम २५६० मात्र सक्तीच्या हिशेबवह्यांत दिसणाऱ्या देण्यांपुरते खरेदीदाराला बांधते. अमेरिकेत न्यायालये देणी स्वीकारल्याचा करार, प्रत्यक्षातील विलीनीकरण, निव्वळ जुन्याच धंद्याचे सातत्य किंवा फसवणूक यांपैकी काही आढळल्यास खरेदीदाराला जबाबदार धरतात.

म्हणून पावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेले कंपनीचे नोंदणीकृत नाव मोलाचे ठरते. दुकानाच्या पाटीवरचे किंवा संकेतस्थळावरचे नाव विकले जाते. पावतीवरचे नाव करार कोणाशी झाला ते दाखवते.

युरोपीय संघात ग्राहकाच्या देशाकडे व्यवहार वळवणाऱ्या व्यावसायिकावर ग्राहक आपल्याच देशातील न्यायालयात दावा लावू शकतो. संघाबाहेरील खरेदीदाराविरुद्ध मिळालेला निवाडा तेथे अमलात येईलच असे नाही. अशा वेळी पैसे भरण्याची पद्धत निर्णायक ठरते. ब्रिटनच्या १९७४ च्या ग्राहक-पत कायद्याचे कलम ७५, १०० पौंडांहून अधिक व ३०,००० पौंडांपर्यंत किमतीच्या वस्तूबाबत क्रेडिट कार्ड देणाऱ्या बँकेलाही विक्रेत्याइतकेच जबाबदार धरते. परदेशातील खरेदीलाही ते लागू असल्याचे तेव्हाचे ब्रिटनचे सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने २००७ मध्ये ठरवले.