एकाच जागी दोन धातू

२९ नोव्हेंबर २०२३ला ‘नेचर’मध्ये एकाच वेळी दोन शोधनिबंध आले. गूगल डीपमाइंडच्या ‘नोम’ या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने २२ लाख नव्या स्फटिकांचं भाकीत केलं होतं. त्यातले सुमारे ३ लाख ८० हजार स्थिर असतील, असा तिचा हिशेब होता. दुसरा निबंध अमेरिकेतल्या बर्कलेच्या ‘ए-लॅब’ या स्वयंचलित प्रयोगशाळेचा. तिथल्या यंत्रमानवांनी १७ दिवसांत ५८ पैकी ४१ पदार्थ बनवल्याचा दावा त्यात होता.

लंडनचे रॉबर्ट पालग्रेव्ह आणि प्रिन्स्टनच्या लेस्ली शूप यांनी सहकाऱ्यांसह ए-लॅबच्या त्या पदार्थांची प्रसिद्ध झालेली मोजमापं बारकाईने तपासली. यात नवा पदार्थ एकही नाही, असं त्यांनी २०२४मध्ये लिहिलं. ए-लॅबच्या चमूने आपली बाजू लावून धरली, पण मला ही टीका फार मोलाची वाटते, कारण चूक नेमकी कुठे शिरते ते तिने दाखवलं.

स्फटिकात अणूंच्या बसायच्या जागा ठरलेल्या असतात. संगणकाने दोन धातूंना वेगवेगळ्या जागा नेमून दिल्या आणि ऊर्जा मोजली. हे गणित शून्य केल्व्हिनचं, म्हणजे उणे २७३ अंश सेल्सिअसच्या टोकाच्या थंडीचं. भट्टीत मात्र प्रचंड उष्णता असते, आणि दोन धातूंचे अणू आकाराने सारखे असले की ते एकमेकांच्या जागांवर सरमिसळ होऊन बसतात. अशी सरमिसळ असलेलं संयुग बऱ्याचदा आधीपासून माहीत असतं. फरक कळतो तो क्ष-किरणांच्या आलेखात: अणू शिस्तीत बसले असतील तर मोठ्या शिखरांच्या जोडीला काही बारकी शिखरं उमटतात, सरमिसळ असेल तर ती दिसत नाहीत. दावा केलेल्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश पदार्थ असे सरमिसळीचेच असावेत, असा टीकाकारांचा अंदाज होता.

भाकितावर किती भरवसा ठेवावा हे ठरवायची एक रूढ पद्धत आहे. अनेक मॉडेल्स स्वतंत्रपणे शिकवायची आणि त्यांच्या उत्तरांत किती तफावत पडते ते पाहायचं. पद्धत उपयोगी आहे, पण इथे ती अपुरी पडते. सगळ्यांनी शिस्तबद्ध रचनाच पाहिल्या असतील, तर सगळी एकमताने चुकतील. मॉडेलच्या परीक्षेचंही तसंच. शिकवलेल्या संयुगांची भावंडंच परीक्षेत घातली तर गुण भरपूर पडतात. एखादं अख्खं कुटुंब शिकवण्यातून वगळून त्यावर परीक्षा घेतली, तरच मॉडेलचा खरा आवाका कळतो.

आता प्रत्यक्ष मोजलेल्या रचनांवर शिकवून, एखाद्या स्फटिकात सरमिसळ होण्याची शक्यता किती, हे आधीच सांगणारी मॉडेल्सही तयार झाली आहेत. भट्टी पेटवण्याआधीच संशयास्पद उमेदवार त्यांनी बाजूला काढता येतात.