रनिंग किती, आणि तास किती?

जुना ट्रॅक्टर घ्यायला निघालेला कराड-कोरेगावकडचा शेतकरी तो किती किलोमीटर चालला आहे हे सहसा विचारत नाही. तो 'किती तास झाले?' असे विचारतो, स्टिअरिंगसमोरच्या तासांच्या मीटरवर नजर टाकतो आणि मगच किमतीवर येतो. तोच शेतकरी मुलासाठी जुनी मोटार पाहायला साताऱ्यात आला, की त्याचा पहिला प्रश्न मात्र 'रनिंग किती?' हा असतो. या दोन प्रश्नांपैकी तासांचाच यंत्रशास्त्राला अधिक धरून आहे. दोन लिटरच्या टर्बो इंजिनातून दोनशेहून अधिक अश्वशक्ती काढणारी वेगवान गाडी सात-आठ वर्षांची होऊन, लाख-दीड लाख किलोमीटर धावून विक्रीला आलेली असेल, तर तो प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊच नये, असे माझे मत आहे.

समजा, अशा दोन सारख्याच गाड्या आहेत आणि दोन्हींच्या मीटरवर १,४०,००० किलोमीटर आहेत. पहिली सातारा ते पुणे या सुमारे ११० किलोमीटरच्या वाटेवर ताशी सरासरी ७० किलोमीटर वेगाने चालली. दुसरी एका कंत्राटदाराची असून ती राजवाडा, पोवई नाका, एमआयडीसी आणि दोन-चार साइट अशा आठ-आठ किलोमीटरच्या फेऱ्यांत, ताशी २० च्या सरासरीने फिरली. पहिलीचे इंजिन २,००० तास चालले, तर दुसरीचे ७,००० तास. पहिलीला सुमारे १,३०० वेळा स्टार्टर मारावा लागला, तर दुसरीला १७,५०० वेळा. महामार्गावर ताशी शंभरच्या वेगाला वरच्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल, तर किलोमीटरमागे १,२०० फेरे होतात. गावात फेरे १,५०० च्या आसपास असले, तरी ताशी २० च्या वेगामुळे तोच आकडा ४,५०० वर जातो. मीटरवरचा आकडा एकच असताना एक इंजिन दुसऱ्याच्या जवळपास चौपट फिरलेले असते. अनेक गाड्यांच्या पडद्यावर दीर्घ काळाचा सरासरी वेग दिसतो. विकणाऱ्याने तो पुसला नसेल, तर हे गणित आयतेच हाती येते.

ताकदवान इंजिन म्हणजे सतत ताणलेले इंजिन, ही समजूतही तपासून पाहावी लागते. दीड टनाच्या सेडानला सपाट रस्त्यावर ताशी १०० चा वेग टिकवायला हवेचा आणि टायरांचा विरोध धरून जेमतेम १८ ते २० अश्वशक्ती लागते. शिरवळच्या सपाटीवर एका लयीत धावणारी २२० अश्वशक्तीची गाडी आपल्या ताकदीचा दहावा हिस्सासुद्धा वापरत नसते, त्यामुळे तिथे झीज फार होत नाही. खरी झीज होते ती थंड इंजिन सुरू करताना आणि तापलेले इंजिन बंद करताना.

क्रँकशाफ्ट आपल्या बेअरिंगमध्ये धातूवर टेकून फिरत नाही, तर काही मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीच्या तेलाच्या थरावर तरंगतो, आणि हा थर शाफ्टच्या फिरण्यामुळेच तयार होतो. वेग, भार आणि तेलाचा दाटपणा यांनुसार घर्षण कसे बदलते, हे जर्मन अभियंता रिचर्ड स्ट्रिबेक याने १९०२ मध्ये आलेखाने दाखवले. त्या आलेखाचे डावे टोक, म्हणजे शाफ्ट जवळपास थांबलेला असताना धातूला धातू घासण्याची अवस्था, प्रत्येक स्टार्टच्या वेळी काही क्षण अनुभवाला येते. शिवाय थंड इंजिनात पेट्रोल जास्त सोडले जाते, त्यातले थोडे सिलिंडरच्या भिंतीवरून तेलात उतरते, आणि जळणातून निघालेली वाफही तेलात पाणी होऊन साचते. तेल पुरेसे तापले की हे दोन्ही उडून जातात. मात्र कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा, काटा मधोमध आला म्हणजे तेल तापले असे होत नाही, कारण तेल बरेच मागे रेंगाळते आणि आठ किलोमीटरच्या फेरीत ते बहुधा तापतच नाही. कंत्राटदाराच्या गाडीतले तेल रंगाने कितीही स्वच्छ दिसले, तरी ते पुण्याच्या गाडीतल्या तेलाच्या निम्म्या अंतरावर बदलावे, असे मी म्हणेन.

टर्बोची गोष्ट नेमकी याच्या उलट आहे, कारण त्याला धोका असतो तो बंद होण्याचा. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये पेटंट घेतलेल्या या कल्पनेत इंजिनाबाहेर फेकला जाणारा तप्त वायू एक चाक फिरवतो आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चाक इंजिनात हवा कोंबते. पेट्रोल गाडीत हा वायू ९०० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकतो, आणि बोटाहूनही बारीक असा तो दांडा मिनिटाला दीड लाखाहून अधिक फेरे घेत तेलाच्याच थरावर तरंगत असतो. रविवारी साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट जोरात चढून कासच्या पठारावर पोहोचताच कोणी किल्ली फिरवून इंजिन बंद केले, तर तेलाचा प्रवाह थांबतो, पण टर्बाइनमधली उष्णता मात्र बेअरिंगकडे सरकत राहते. अडकलेले तेल तिथेच करपते आणि तव्यावर जळालेल्या तेलासारखे काळे, कडक होऊन बारीक नळ्या अरुंद करते. नव्या गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही कूलंट फिरवणारा विजेचा पंप अनेकदा असतो, तरीही शेवटचा एक किलोमीटर सावकाश चालवून मिनिटभर इंजिन तसेच ठेवण्यासारखा स्वस्त विमा दुसरा नाही.

घाट उतरतानाचे गणित ब्रेकचे आहे. पाचगणीहून पसरणीच्या घाटाने वाईला येताना गाडी साधारण साडेपाचशे मीटर खाली येते. १,५०० किलोच्या गाडीची यात सुमारे ८० लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते, म्हणजे ताशी १०० वरून गाडी चौदा वेळा पूर्ण थांबवण्याइतकी. इंजिनाने धरून ठेवले नाही, तर यातली बरीचशी ऊर्जा ब्रेकच्या डिस्कमध्ये उष्णता होऊन शिरते. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषते. ताजे डॉट-४ प्रतीचे ब्रेकचे तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात पावणेचार टक्के पाणी मिसळले की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरलेली असू शकते. तेल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ लागते. महाबळेश्वरच्या पावसाळ्यात राहणाऱ्या गाडीचे हे तेल दोन वर्षांनी बदलताना रनिंग पाहण्याचे काहीच कारण नाही.

रबर आणि प्लॅस्टिक यांनाही किलोमीटर कळत नाहीत, त्यांना तापमान आणि दिनदर्शिका कळते. स्वीडिश शास्त्रज्ञ स्वान्ते अऱ्हेनियस याने १८८९ मध्ये मांडलेल्या समीकरणाचा कामचलाऊ अर्थ असा, की तापमान दहा अंशांनी वाढले की अनेक रासायनिक क्रियांचा वेग सुमारे दुप्पट होतो. टर्बोशेजारचा होज, म्हणजे रबरी नळी, त्यामुळे दुसऱ्या टोकाच्या होजच्या कितीतरी आधी कडक होऊन तडकतो. थर्मोस्टॅटचे घर आणि पाण्याच्या पंपाचे कवच अनेक गाड्यांत काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचे असते, आणि गरम कूलंटमध्ये वर्षे काढल्यावर ते ठिसूळ होते. तिथून हळूहळू गळणारे पाणी दुर्लक्षित राहिले, तर इंजिन तापते. इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे ॲल्युमिनिअमचे हेड, खालच्या बिडाच्या ब्लॉकपेक्षा दुपटीने प्रसरण पावत असल्याने ४० सेंटिमीटर लांबीवर शंभर अंशांत दोघांमध्ये जवळपास अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडतो. नेहमीच्या तापण्या-निवण्यात हा फरक दोघांमधले गॅस्केट सोसते, पण अती तापल्यावर हेडच वाकडे होते आणि 'इंजिनाचे काम निघते'. एका ठिसूळ कवचाने पूर्ण इंजिन उघडायला लावणे, हा मेस्त्री लोकांच्या नित्याच्या पाहण्यातला प्रकार आहे.

थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनात आत येणाऱ्या हवेच्या व्हॉल्व्हवर पेट्रोल पडत नाही, म्हणून ते धुतलेही जात नाहीत आणि त्यांच्यावर काजळी चढते. ती काढायला अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने मारतात, कारण तो काजळी खरवडतो पण धातूला ओरखडत नाही. बॉल बेअरिंगचे आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटते, म्हणजे भार दुप्पट झाला की आयुष्य आठपट कमी होते. कमी उंचीच्या (लो-प्रोफाइल) टायरांच्या गाडीला खड्डे का महाग पडतात, ते यावरून कळेल. आपल्याच साखर कारखान्यांकडून येणारे इथेनॉल २० टक्के मिसळलेले पेट्रोल शुद्ध पेट्रोलपेक्षा लिटरमागे सुमारे सात टक्के कमी ऊर्जा देते. ॲव्हरेज थोडे पडते, पण इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असल्याने टर्बो इंजिनाला नॉकिंगच्या, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकून होणाऱ्या ठोक्यांच्या, बाबतीत ते सोसते. काळजी घ्यायची ती या मिश्रणासाठी न बनलेल्या जुन्या सीलची आणि नळ्यांची.

आता पैशांचे पाहू. नवी असताना तीस लाखांची असलेली गाडी समजा आज आठ लाखांना मिळाली, तरी तिचा टर्बो, तिचा दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स आणि तिचे मोठे ब्रेक हे तीस लाखांच्या गाडीचेच राहतात, आणि त्यांची किंमत गाडीबरोबर उतरत नाही. आठ लाखांच्या नव्या छोट्या गाडीशी देखभालीची तुलना करणारा इथेच फसतो. साताऱ्यात अशा गाडीसाठी एक अडचण आणखी असते: ठरावीक स्कॅनर आणि हत्यारे नसली, तर गाडी टोइंगवर पुण्याला किंवा कोल्हापूरला न्यावी लागते. जो भाग काढायला चार तास लागतात, त्याच्या आतले पंप, सील आणि बेअरिंग त्याच वेळी बदलणे म्हणूनच शहाणपणाचे असते. पुढच्या वेळी मजुरी आणि टोइंग पुन्हा मोजावे लागत नाही.

हा खर्च दरमहा सारखा येत नाही, त्यामागेही शास्त्र आहे. वालोडी वाइबुल या स्वीडिश अभियंत्याने १९५१ मध्ये लोकप्रिय केलेल्या सूत्रावरून एखाद्या भागाच्या निकामी होण्याची शक्यता वयाप्रमाणे कशी वाढते ते काढता येते. नव्या गाडीतले सगळे भाग एकाच दिवशी जन्मलेले असतात, आणि पंप, बुश, शॉकअप, क्लच यांची आयुष्ये फार वेगळी नसल्याने त्यांची म्हातारपणेही एकाच सुमारास येतात. लाख किलोमीटरच्या पुढचा काही काळ त्यामुळे एकामागून एक बिले घेऊन येतो. पण भाग जसजसे वेगवेगळ्या वेळी बदलले जातात, तसतशी त्यांची वये विखुरतात आणि बिघाडांचा दर हळूहळू एका पातळीवर स्थिरावतो. म्हणूनच १,१०,००० किलोमीटर झालेल्या, एकही मोठे काम न निघालेल्या गाडीपेक्षा पाण्याचा पंप, क्लच, पुढचे बुश आणि व्हॉल्व्हची सफाई यांची तारखांसह बिले असलेली १,९०,००० ची गाडी मी आधी पाहीन. ती पाहायला जाताना इंजिन आधी गरम करून ठेवू नका, असे मालकाला फोनवर सांगेन, आणि पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून ते खरोखर थंड आहे ना, ते तपासूनच किल्ली फिरवायला लावीन.