दोन उताऱ्यांमधले साम्य-भेद: एका प्रश्नप्रकाराची पार्श्वभूमी

'खालील दोन उतारे वाचून त्यांतील साम्य-भेद स्पष्ट करा' असा प्रश्न आला की उत्तराचा साचा ठरलेला असतो. आधी पहिल्या उताऱ्याचा सारांश, मग दुसऱ्याचा, आणि शेवटी 'अशा प्रकारे दोन्हींत काही साम्ये व काही भेद आहेत' हे वाक्य. दोन सारांश शेजारी बसले, तुलना झालीच नाही. ही खोड फार जुनी आहे. इसवी सनाच्या चौथ्या शतकातला ग्रीक वक्तृत्वशिक्षक अफ्थोनियस याने तिच्याबद्दल स्पष्ट बजावले होते.

ग्रीक पाठशाळांत भाषणकलेआधी प्राथमिक लेखन-पाठांची एक मालिका शिकवत. अफ्थोनियसच्या पुस्तकात असे 14 पाठ आहेत. आठवा स्तुतीचा, नववा निंदेचा, दहावा तुलनेचा. हा क्रम सहेतुक आहे, कारण एकाच व्यक्तीबद्दल मुद्देसूद लिहिता आल्याशिवाय दोघांना समोरासमोर उभे करता येत नाही. अफ्थोनियसचे म्हणणे असे, की अख्ख्यासमोर अख्खे ठेवू नये, ते लेखन सपाट होते. मुद्द्यासमोर मुद्दा ठेवावा. त्याच्या नमुन्यात अकिलीझ आणि हेक्टर हे वीर याच रीतीने एकमेकांसमोर येतात. त्याच्याही आधी, पहिल्या शतकातल्या थेऑनने जोडी निवडण्याचा नियम घालून दिला होता: दोघांत फार मोठी तफावत नसावी. अकिलीझ शूर की 'इलियड'मधला भित्रा शिपाई थर्सिटीझ, असा वाद घालणारा हसे करून घेतो. अफ्थोनियसचे पुस्तक युरोपातल्या शाळांत सतराव्या शतकापर्यंत वापरात होते.

ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने मात्र ग्रीक आणि रोमन पुरुषांची चरित्रे जोडीने लिहिताना वेगळी रीत पत्करली: आधी एक पूर्ण चरित्र, मग दुसरे, आणि शेवटी स्वतंत्र तुलना. उपलब्ध 23 जोड्यांपैकी चार जोड्यांना ही शेवटची तुलना नाही. ती नसली की वाचकाच्या हाती दोन चरित्रे उरतात आणि जुळवाजुळव त्यालाच करावी लागते. उत्तरपत्रिकेत परीक्षकाची गत तीच होते.

भारतीय परंपरेत हा प्रश्न अधिक काटेकोरपणे हाताळला गेला. ब्रह्मसूत्रे या वेदान्तग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायाचा तिसरा पाद यासाठीच आहे: वेगवेगळ्या उपनिषदांत सांगितलेली विद्या (म्हणजे उपासना) एकच मानायची की निराळी? पंचाग्निविद्या छांदोग्यात येते आणि बृहदारण्यकातही. छांदोग्यात अग्नी पाच आहेत. बृहदारण्यकात पाचांनंतर सहाव्याचाही उल्लेख आहे. एवढ्याने विद्या बदलली का? सूत्र सांगते, 'भेदान्नेति चेन्नैकस्यामपि': भेद आहे म्हणून विद्या निराळी असे म्हणाल तर नाही, एकाच विद्येतही असे भेद असू शकतात. मग एकत्व कशावरून ठरवायचे? वैदिक विधींचा अर्थ लावणाऱ्या पूर्वमीमांसेने त्यासाठी चार कसोट्या आधीच दिलेल्या होत्या: फलाशी संबंध, रूप, विधी आणि नाव. याच पादात उद्गीथविद्येबाबत निर्णय उलटा लागतो. तिथे नाव सारखे असूनही प्रकरण वेगळे, म्हणून विद्या वेगळी. कोणता भेद किरकोळ आणि कोणता निर्णायक, हे कसोटी ठरवल्याशिवाय सांगता येत नाही. आजच्या गुणदान तक्त्यांत हा विवेक क्वचितच दिसतो. तिथे 'कोणतेही तीन फरक' लिहिले की काम भागते.

मजकूर रकान्यांत मांडण्याची युक्तीही जुनीच. ख्रिस्ती विद्वान ओरिजेनने तिसऱ्या शतकात हिब्रू धर्मग्रंथाचे पाठ सहा रकान्यांत मांडले. 1774 मध्ये जर्मन बायबल-अभ्यासक ग्रीसबाखने येशूच्या जीवनावरची पहिली तीन शुभवर्तमाने समांतर रकान्यांत छापायला सुरुवात केली. तिन्ही एका नजरेत आल्यावर कुठला प्रसंग कोणी गाळला आणि कोणी हलवला हे चटकन दिसू लागले. वर्गातला तीन रकान्यांचा तक्ता (मुद्दा, उतारा 1, उतारा 2) त्याच जातीचा. दोन छेदणाऱ्या वर्तुळांच्या आकृतीपेक्षा तो मला जास्त उपयोगी वाटतो. वर्तुळांत मुद्द्याला जागाच नसते, त्यामुळे डावीकडे 'लेखक चिडलेला आहे' आणि उजवीकडे 'आकडेवारी आहे' अशी बिनजोडीची टिपणे सहज खपून जातात.

विसाव्या शतकात दोन उलट दिशांनी भर पडली. केंब्रिजचे समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी कवींची नावे झाकून विद्यार्थ्यांना कविता दिल्या आणि त्यांच्या अभिप्रायांचे विश्लेषण 1929 मध्ये प्रसिद्ध केले. शब्दांकडेच बघण्याची शिस्त तिथून पक्की झाली. उलट 1991 मध्ये शिक्षण-संशोधक सॅम वाइनबर्ग यांनी इतिहासकारांना आणि शाळकरी विद्यार्थ्यांना एकाच घटनेवरची कागदपत्रे वाचायला दिली. इतिहासकार मजकुराआधी तो कोणाचा, कधीचा हे बघत आणि एक कागद दुसऱ्याशी ताडून पाहत. विद्यार्थी बहुतेक वेळा सरळ वाचत सुटत. 1994 मध्ये मानसशास्त्रज्ञ डेड्रे गेंटनर आणि आर्थर मार्कमन यांनी दाखवले, की ठरावीक वेळात लोकांना एकमेकांसारख्या जोड्यांमधले फरक जास्त सुचतात, अगदीच असंबद्ध जोड्यांमधले कमी. थेऑनचा नियम प्रयोगातून परत आला म्हणायचे.

परीक्षांत हा प्रकार रुळला तो त्यानंतर. अमेरिकेतल्या महाविद्यालय-प्रवेशाच्या एसएटी परीक्षेत 1994 च्या फेररचनेत जोड-उतारे आले, कायदा प्रवेशाच्या एलसॅटमध्ये 2007 साली. पिसा या शालेय विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीतला, 2000 सालचा, भिंतींवरच्या ग्राफिटीबद्दलच्या दोन पत्रांचा संच आजही नमुनेदार वाटतो. पत्र लिहिणारी हेल्गा ग्राफिटीवर चिडलेली, सोफिया जाहिरातींशी तुलना करून तिचा बचाव करणारी. त्यातला एक प्रश्न असा: तुम्हाला कोणाचे पटते ते बाजूला ठेवा, पत्र कोणाचे चांगले आहे, आणि ते कसे लिहिले आहे त्यावरून कारण द्या. मत आणि मांडणी वेगळी काढायला लावणारा इतका साधा प्रश्न विरळाच.

अलीकडे उतारे फार आखूड झाले. डिजिटल एसएटीत प्रत्येक प्रश्नाचा मजकूर 25 ते 150 शब्दांचा असतो, आणि जोडी असली तर 'पहिल्यातल्या विधानाला दुसरा लेखक काय उत्तर देईल?' अशी विचारणा होते. समजा, पहिला लेखक म्हणतो, रस्त्यावरचे दिवे मध्यरात्रीनंतर बंद केले तर निशाचर कीटक वाचतील. दुसरा म्हणतो, दिवे बंद करण्यापेक्षा त्यांचा रंग बदलणे जास्त व्यवहार्य. 'दुसरा लेखक प्रकाशामुळे कीटकांची हानी होते हे नाकारतो' हा पर्याय पुष्कळांना भुलवतो, कारण 'पेक्षा' दिसले की संपूर्ण विरोध गृहीत धरला जातो. हानी दोघांनाही मान्य आहे. मतभेद फक्त उपायाबद्दल आहे.

म्हणून आखूड जोडीत आधी प्रत्येक उताऱ्याचा दावा एका वाक्यात लिहावा, मग दोघांना मान्य असलेली गोष्ट शोधावी, आणि त्यानंतरच फरकाला हात घालावा. फरकाचे वाक्य लिहिताना दोन्ही उतारे एकाच वाक्यात, एकाच मुद्द्याभोवती यावेत: 'उपायाबाबत पहिला वेळेवर भर देतो, तर दुसरा रंगावर.' 'तर'च्या दोन्ही बाजूंना मुद्दा तोच नसेल, तर ते वाक्य खोडून पुन्हा लिहावे.