छत कापलेली मर्क्युरी: ‘कस्टम’ म्हणून विकायला येणाऱ्या गाडीमागची गोष्ट

‘१९५० मर्क्युरी कूप, चॉप्ड, फ्रेंच्ड, एअर राइड, ३५० चेव्ही, टायटल क्लिअर.’ अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांच्या जाहिराती साधारण अशाच असतात (कूप म्हणजे दोन दारांची गाडी, टायटल क्लिअर म्हणजे मालकीचे कागद साफ, बाकीचे शब्द पुढे उलगडतील) आणि मला त्या वाचायचा नाद आहे, घ्यायची ऐपत नाही हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडे ‘मॉडिफाइड’ म्हटलं की सायलेन्सर बदललेली बुलेट डोळ्यासमोर येते. तिकडे पन्नासच्या दशकातल्या गाडीपुढे ‘कस्टम’ लिहिलं की प्रश्न एवढाच उरतो, कापाकापी कुणी केली आणि कधी केली, कारण त्यावर किमतीत घर घेण्याइतका फरक पडतो.

सुरुवात दुसऱ्या महायुद्धापासून करायला लागते. १९४२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत सामान्य लोकांसाठी गाड्या बनवणं बंद झालं, कारखाने रणगाडे आणि विमानांकडे वळले, आणि १९४५ ला युद्ध संपलं तेव्हा नव्या गाड्या मिळेनात आणि जुन्या स्वस्तात मिळत होत्या. लॉस एंजेलिसच्या बाजूला हवा कोरडी, रस्त्यावर बर्फ नाही त्यामुळे मीठ टाकायची भानगड नाही, म्हणजे पत्रा गंजत नाही. वर डग्लस, लॉकहीडसारखे विमानाचे कारखाने तिथेच, त्यामुळे वेल्डिंग येणारी, पत्रा वळवता येणारी माणसं गल्लोगल्ली. ज्या पोरांना वेग हवा होता ती हलक्या जुन्या फोर्ड घेऊन वाळलेल्या तळ्यांवर पळवायची, ते हॉट रॉड. ज्यांना वेगापेक्षा संध्याकाळी हळूहळू चक्कर मारताना लोकांनी वळून बघायला हवं होतं, त्यांची ती कस्टम. दोन्ही पंथ एकमेकांना थोडं हसायचे, आजही हसतात.

आणि मग १९४९ ची मर्क्युरी आली. मर्क्युरी हा फोर्डचाच मधला ब्रँड, फोर्डपेक्षा वर आणि लिंकनच्या खाली, एडसेल फोर्डच्या डोक्यातून निघालेला. १९४९, ५० आणि ५१ ही तीन वर्षं बॉडी जवळजवळ एकच, गोलगरगरीत, मडगार्ड आणि दरवाजे एकात एक मिसळलेले, आत फ्लॅटहेड व्ही-एट, म्हणजे व्ही आकारात आठ सिलिंडर असलेलं जुन्या घडणीचं इंजिन. कंपनीनं बनवली तेव्हा ती जरा जाडजूड दिसायची, पण बघणाऱ्याला लगेच कळायचं की छत चार इंच खाली आलं असतं तर काय दिसली असती राव.

हे करून दाखवलं सॅम बॅरिसनं, स्वतःच्याच जवळजवळ नव्या ४९ मर्क्युरीवर. सॅम आणि त्याचा भाऊ जॉर्ज यांचं लॉस एंजेलिसजवळ लिनवूडला दुकान होतं. जॉर्ज बोलायला, फोटो काढायला आणि नाव गाजवायला हुशार, ‘कस्टम’चं स्पेलिंग सी ऐवजी के नं करायची टूम त्याचीच, पण पत्र्यावर खरा हात सॅमचा होता असं माझं मत आहे, आणि हे म्हणणारा मी एकटा नाही.

छत कापणं म्हणजे चॉप करणं. ऐकायला सोपं वाटतं, चारी खांब कापा, मधला तुकडा काढा, वरचं खाली बसवा. पण गाडीचे खांब सरळ नसतात, वर जाताना आत झुकलेले असतात, त्यामुळे तुकडा काढून छत खाली आणलं की वरचं टोक आणि खालचं टोक एकमेकांसमोर येतच नाही. मग खांब आणखी झुकवा, नाहीतर छताचेच तुकडे करून मध्ये पत्रा घाला, मागची काच आडवी करा, पुढची काच नव्यानं कापा. मर्क्युरीला तर पुढे आणि मागे सारखं कापून चालतच नाही.

आणि सांधे भरायचे कशानं? शिशानं. प्लॅस्टिकची पुट्टी पन्नासच्या दशकाच्या मध्यापर्यंत बाजारात नव्हती. साधारण सत्तर टक्के शिसं आणि तीस टक्के कथील असा गज घ्यायचा, आधी पत्रा घासून त्यावर कथलाचा पातळ थर द्यायचा, आपल्याकडे पितळी भांड्याला कल्हई करतात अगदी तसाच, कारण त्याशिवाय शिसं लोखंडाला धरत नाही. मग गॅसच्या टॉर्चनं गज मऊ करायचा. या मिश्रणाची गंमत अशी की ते एकदम पाणी होत नाही, तापमानाच्या एका पट्ट्यात लोण्यासारखं राहतं, तेवढ्या वेळात तेल किंवा मेण लावलेल्या लाकडी फळीनं ते पसरवायचं. ज्योत जरा जास्त लागली की सगळं गळून फरशीवर, कमी लागली की ढेकळं. गार झालं की कानस, ग्राइंडर नाही, कारण शिशाची धूळ फुफ्फुसात जाते. अशा गाड्यांना मग ‘लेड स्लेड’ नाव पडलं, शिशाची घसरगाडी. नाव आधी चेष्टेत पडलं असणार, पण नंतर लोक ते अभिमानानं लावायला लागले.

यातली सगळ्यात गाजलेली गाडी बॉब हिरोहाताची. हा जपानी वंशाचा अमेरिकन तरुण, त्यानं १९५१ ची मर्क्युरी कूप १९५२ मध्ये बॅरिस बंधूंकडे दिली. छत पुढे चार इंच आणि मागे सात इंच खाली आलं, दोन खिडक्यांमधला खांब काढून टाकला आणि काचांभोवती वळवलेल्या नळीची चौकट केली, बाजूची क्रोमची लाट ब्युइकची, मागचे दिवे लिंकनचे, हेडलाइट बॉडीत आत बुडवलेले. या बुडवण्यालाच फ्रेंचिंग म्हणतात, शर्टाच्या फ्रेंच कफवरून म्हणे. रंग वर फिकट समुद्री हिरवा, खाली गडद हिरवा. डॅशबोर्डवरच्या बारीक रेघा व्हॉन डच या गाड्यांवर रेघा मारणाऱ्या नामी कलाकाराच्या हातच्या, आणि डॅशबोर्डची प्लॅस्टिकची रंगीत बटणं हिरोहातानं स्वतः केलेली. मला या अख्ख्या गाडीत तीच सगळ्यात जास्त आवडतात, कारण तेवढा भाग मालकाचा आहे. १९५३ मध्ये त्यानं त्यात कॅडिलॅकचं इंजिन टाकलं आणि कॅलिफोर्नियाहून थेट इंडियानापोलिसपर्यंत ती चालवत नेली, म्हणजे शोकेसमधली बाहुली नव्हती ती.

मग ही फॅशन विझली कशी? एक कारण डेट्रॉइटच, म्हणजे गाड्यांच्या कंपन्यांचं गाव. १९५५ पासून कंपन्याच बुटक्या, लांब, क्रोमनं मढवलेल्या, दोन रंगी गाड्या काढायला लागल्या, शेव्हरलेनं त्याच वर्षी २६५ क्युबिक इंचाचं नवं व्ही-एट आणलं, ते हलकं, स्वस्त आणि जोरदार, मग पोरांचे पैसे पत्र्याऐवजी इंजिनात जायला लागले. दुसरं कारण कायदा. कॅलिफोर्नियानं १९५८ च्या सुरुवातीपासून नियम लावला की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली असता कामा नये. पोलिसांना पावती फाडायला सोपं झालं. त्यावर रॉन अगिरे नावाच्या पोरानं १९५९ च्या सुमाराला आपल्या कॉर्व्हेटला विमानाच्या भंगारातले हायड्रॉलिक पंप बसवले, पोलीस दिसला की गाडी वर, गेला की खाली. लोरायडर म्हणून मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांमधून जी अख्खी परंपरा उभी राहिली तिच्या उड्या मारणाऱ्या गाड्यांचं मूळ इथं आहे. तो नियम रद्द व्हायला २०२४ उजाडलं. म्हणजे जाहिरातीतलं ते ‘एअर राइड’, बटण दाबलं की हवेच्या फुग्यांवर वर-खाली होणारी गाडी, ते त्याच पळवाटेचं आजचं सुधारलेलं रूप म्हणा.

फॅशन गेली की कस्टम गाडीला कुत्रं विचारत नाही. हिरोहाताची मर्क १९५९ मध्ये सेकंडहँड गाड्यांच्या दुकानात उभी होती, ती एका शाळकरी पोरानं ५०० डॉलरला घेतली. त्यानं ती काही वर्षं रोजची गाडी म्हणून वापरली, मग ठेवून दिली, पण विकली नाही, आणि कित्येक वर्षांनी सावकाश पुन्हा मूळच्या त्याच हिरव्या रंगांत आणली. २०१७ मध्ये ती अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदीत गेली आणि वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर काचेच्या पेटीत उभी राहिली. पोरपणी ती घेणाऱ्या त्या मालकाच्या मृत्यूनंतर घरच्यांनी २०२२ च्या जानेवारीत फ्लोरिडात लिलाव केला, कमिशन धरून २१ लाख ४५ हजार डॉलर. कारखान्यातून निघाली तशी एकदम ओरिजिनल ५१ मर्क्युरी याच्या जवळपासही जात नाही. एरवी जुन्या गाडीत एक नट बदलला तरी कलेक्टर नाक मुरडतात, इथं मात्र कापलं म्हणूनच किंमत. जॉर्ज बॅरिसची १९६६ ची टीव्हीवरची बॅटमोबिलसुद्धा अशीच, ती मुळात १९५५ ची लिंकन फ्युच्युरा ही शोसाठी केलेली गाडी, २०१३ मध्ये ४६ लाख डॉलरच्या वर गेली.

आता जाहिरातीतल्या मर्क्युरीकडे परत येऊ. ‘३५० चेव्ही’ म्हणजे फोर्डच्या घरातल्या गाडीत शेव्हरलेचं ३५० क्युबिक इंचाचं इंजिन, हे इतकं सर्रास आहे की विकणारा ते लपवत नाही, उलट मिरवतो, कारण पार्ट कुठल्याही गावात मिळतात. ‘१२ व्होल्ट’ असं लिहिलेलं दिसलं तर समजायचं वायरिंग बदललंय, मूळची सहा व्होल्टची आणि तीही पॉझिटिव्ह अर्थिंगवाली होती, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेलं. एसी, डिस्क ब्रेक, नवीन सस्पेन्शन असं सगळं असेल तर ती रेस्टोमॉड, चालवायला मस्त, पण तिच्यात पन्नासच्या दशकातलं काम शोधू नका, बहुतेकदा तिचं छत गेल्या वीस-तीस वर्षांत कापलेलं असतं. काही जण लोहचुंबक घेऊन जातात, पुट्टी कुठं आहे बघायला. पण चुंबक शिशालाही चिकटत नाही, त्यामुळे सॅम बॅरिसच्या हातचं काम आणि कुठल्यातरी गॅरेजात थापलेली बादलीभर पुट्टी, दोन्हीकडे ते सारखंच खाली पडतं. त्यापेक्षा छताचं आतलं कापड जिथून सुटतंय तिथं टॉर्च मारून वेल्डिंगची रेघ बघावी, आतल्या बाजूला सहसा कुणी घासत बसत नाही, खरा हात तिथं उघडा पडतो. आणि जुने फोटो मागावेत. फोटो नसतील तर ‘पिरियड कस्टम’, म्हणजे त्याच काळात केलेलं काम, हे शब्द फुकटचे.

आपल्याकडे हे लोण का आलं नाही असं कुणी विचारतं. अमेरिकन गाड्या मुंबईत होत्याच की, जनरल मोटर्सचा शिवडीचा जोडणी कारखाना १९२८ ते १९५४ चालला, कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरनं डॉज, प्लिमथ जोडल्या. पण ज्या देशात गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावायला लागायचा तिथं चांगल्या गाडीचं छत कापायला कोण धजावणार, इथली हुशारी ती चालू ठेवण्यात खर्च झाली, पेट्रोल परवडेना म्हणून डिझेल इंजिनं बसवली गेली. आणि आता तर नियमच आहे: २०२१ पासून ५० वर्षांपेक्षा जुन्या गाडीला ‘व्हीए’ असलेली वेगळी नंबरप्लेट मिळते, पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसेल तरच. त्या हिशोबानं वॉशिंग्टनला काचेच्या पेटीत उभी राहिलेली हिरोहाताची मर्क उद्या कुणी मुंबईत आणली तर आरटीओच्या लेखी ती व्हिंटेज नाही.