फांदी न हलवता केलेली शिकार

इमँटोडीस सेंकोआ हा बोथट डोक्याचा वृक्षसाप मेक्सिकोपासून उत्तर अर्जेंटिनापर्यंतच्या दमट जंगलांत आढळतो. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्येच त्याचे वर्णन केले होते. त्याची लांबी सुमारे एक मीटर भरते, पण मान आणि शेपूट इतकी बारीक असते, की त्यांच्यापुढे डोके उगीचच मोठे वाटते. त्या डोक्यावर बटबटीत डोळे असतात आणि त्यांतील बाहुली उभ्या फटीसारखी असते. आशियातील मांजऱ्या सापांचीही ठेवण अशीच असली, तरी हे जवळचे नातेवाईक नव्हेत. रात्री झाडावर शिकार करण्याच्या गरजेतून दोन्हींकडे सारखीच रचना स्वतंत्रपणे घडली आहे.

दिवसा हा साप ब्रोमेलियाड या अननसाच्या कुळातील वनस्पतींच्या पानांच्या बेचक्यांत किंवा इतर वनस्पतींच्या गर्दीत वेटोळे करून पडून राहतो आणि अंधार पडल्यावर झोपलेल्या सरड्यांच्या शोधात निघतो. त्याचे मुख्य भक्ष्य म्हणजे ॲनोल सरडे. हे सरडे पानावर किंवा बारीक डहाळीच्या टोकाशी झोपतात. ही जागा वाटते तितकी बेसावध नाही, कारण त्याच फांदीवरून कोणी जवळ येऊ लागले की तिच्या थरथरीने सरडा जागा होतो आणि खाली उडी टाकतो.

सापाने यावर काढलेला तोड मला त्याच्या साऱ्या चरित्रातला सर्वांत विलक्षण भाग वाटतो. तो शेजारच्या फांदीला शेपटीने घट्ट धरतो आणि निम्म्याहून अधिक शरीर मधल्या पोकळीत आडवे ताणून, भक्ष्याच्या फांदीला धक्का न लावता, थेट त्याच्यापर्यंत पोहोचतो. त्याचे शरीर दोन्ही बाजूंनी चपटे, म्हणजे रुंदीपेक्षा उंचीला जास्त असते; आडवी ठेवलेली पट्टी वाकते, पण तीच कडेवर उभी धरली की सहज वाकत नाही, तसाच हा प्रकार आहे. वजन मुळातच कमी असल्याने ताणलेला भाग पेलणेही सोपे जाते. पाठीच्या मध्यरेषेवरील खवल्यांची ओळ मात्र शेजारच्या ओळींपेक्षा ठळकपणे रुंद असते.

हा साप निमविषारी आहे. विषदंत जबड्यात मागे असल्यामुळे पकडलेला सरडा तोंडात धरून ठेवावा लागतो. माणसाला त्याच्यापासून गंभीर धोका नाही.

सडपातळपणाची किंमत मादीला मोजावी लागते. अरुंद शरीरात फारशी अंडी मावत नाहीत. ती एका वेळी बहुधा दोन-तीनच लांबट अंडी घालते.