सावंतवाडी–दोडामार्ग जंगलपट्टा : जंगलतोड आणि शेतीचा जमीनवापर

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सह्याद्रीच्या माथ्यापासून तळकोकणातल्या भातमळ्यांपर्यंत उतरत आलेला सदाहरित आणि निमसदाहरित जंगलाचा पट्टा. माथ्यावरची आंबोली, चौकुळ, गेळे ही गावे आणि खाली तिलारी खोऱ्यातली दोडामार्ग तालुक्यातली गावे त्यात मोडतात. उत्तरेला राधानगरी अभयारण्य आणि त्यापलीकडे चांदोली–कोयनेचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, दक्षिणेला गोव्याचे म्हादई अभयारण्य, पूर्वेला कर्नाटकातले भीमगड. वाघ, हत्ती, गवे यांना एका बाजूकडून दुसरीकडे जायची वाट इथूनच आहे. या जंगलाचा मोठा हिस्सा वनखात्याच्या ताब्यात नसून लोकांच्या सातबारावर आहे. इथली जंगलतोड समजून घ्यायची तर आधी ही मालकी लक्षात घ्यावी लागते.

आंबोलीला वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. या पट्ट्यातले पाणी तिलारीसह अनेक नद्यांतून खाली येते. उतारावर ऐन, किंजळ, जांभूळ, हरडा, बेहडा, कोकम, सुरंगी अशी मिश्र झाडी. ओलसर घळींत भेरली माड (माडाच्या कुळातले रानझाड) आणि बांबूची बेटे. हेवाळे–बांबर्डे परिसरात कान्हळाची राय आहे. जायफळाच्या कुळातली ही झाडे दलदलीत उभी असतात आणि श्वासासाठी त्यांची मुळे गुडघ्यासारखी वाकून चिखलावर येतात. असली जायफळाची दलदल महाराष्ट्रात फार दुर्मीळ. ही राय टिकली ती देवाच्या नावाने राखली म्हणून.

जुनी शेती : या भागात शेतीने जंगल वापरले ते शतकानुशतके. उतारावर कुमरी, म्हणजे फिरती शेती, होत असे. थंडी सरता सरता झाडोरा तोडायचा, उन्हात वाळवायचा, पावसाआधी पेटवायचा आणि राखेत नाचणी, वरी पेरायची. दोन-तीन वर्षे पीक घेऊन तो तुकडा दहा-बारा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ पडीक टाकायचा. तोवर तिथे झाडी पुन्हा उठलेली असे. सखल भागात भाताची रोपे तयार करण्यासाठी भाजावळ करत; कोकणात इतरत्र तिला राब म्हणतात. ऐन-किंजळाचे टहाळ, पालापाचोळा, गवत आणि शेण रोपवाटिकेच्या जागेवर पसरून फाल्गुन-चैत्रात जाळायचे. त्याने तणाचे बी मरते, राखेचे खत मिळते आणि मृगात पेरलेला तरवा जोमाने येतो. टहाळ तोडायचे, पण शेंडा आणि बुंधा राखायचा, हा त्यातला नेम. कवळासाठी, म्हणजे जाळायच्या टहाळांसाठी, पिढ्यानपिढ्या छाटलेले ऐन आजही बांधांवर दिसतात. त्यांचा बुंधा गाठीगाठींचा झालेला असतो, पण झाड जिवंत असते.

इंग्रज अंमलाला ही पद्धत मान्य नव्हती. १८४७ मध्ये मुंबई इलाख्यात वनसंरक्षकाचे पद निर्माण झाले आणि दापोडीच्या वनस्पती उद्यानाचे काम पाहणाऱ्या अलेक्झांडर गिब्सन यांच्याकडे ते आले. शेजारच्या कानडा मुलखात आणि मद्रास इलाख्यात कुमरीवर १८६० च्या सुमाराला निर्बंध आले. १८६५ आणि १८७८ च्या वन कायद्यांनी राखीव वने आखली गेली. सावंतवाडी संस्थान १९४८ पर्यंत वेगळे राहिले, त्यामुळे इथल्या जमिनींचे दफ्तरही वेगळे राहिले. कुमरी करणाऱ्याला जंगलाचा शत्रू ठरवणारी सरकारे त्याच जंगलातून जहाजे, रेल्वे आणि इमारतींसाठी लाकूड नेत होती. जंगल कमी होण्यात कुमरीचा वाटा होता हे खरे. पण पडीक ठेवलेल्या कुमरीच्या तुकड्यावर जंगल परत येत असे आणि नंतरच्या एकसाची लागवडीखाली ते येत नाही, हा फरक जुन्या सरकारी अहवालांच्या हिशेबात क्वचितच धरला गेला.

मालकी आणि कायदे : आंबोली, चौकुळ, गेळे येथे कबुलायतदार गावकर पद्धत होती. गावाच्या वतीने काही गावकरी सरकारला सारा भरण्याची कबुलायत लिहून देत आणि जमीन सगळा गाव वहिवाटत असे. पुढे या जमिनींच्या सातबारावर ‘महाराष्ट्र शासन’ अशी नोंद लागली. पिढ्यांची वहिवाट असून नाव नाही, अशा अवस्थेत गावे अनेक वर्षे झगडत राहिली. तळकोकणात उलट चित्र आहे. तिथे नावे आहेत, आणि फार आहेत. एका सामाईक सातबारावर पन्नास-पन्नास हिस्सेदार, त्यांतले निम्मे मुंबईत. डोंगर विकायला निघतो तो अशा जमिनीतून. प्रत्येकाच्या वाट्याला येणारा तुकडा कसण्याजोगा नसतो आणि दलालाने देऊ केलेली रक्कम रोख असते.

कायदे एकावर एक चढत गेले. १९६४ चा झाडे तोडण्याचे नियमन करणारा राज्याचा कायदा परवान्याशिवाय तोड करू देत नाही, पण त्यातला दंड मुळात हजार रुपयांपर्यंतचा; ट्रकभर लाकडापुढे तो काहीच नाही. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याने अनेक मालकी जंगले सरकारजमा झाली, आणि कागदावर सरकारजमा होऊनही प्रत्यक्षात मालकाकडेच राहिली. १९८० च्या वनसंवर्धन कायद्याने वनजमिनीच्या वनेतर वापराला केंद्राची परवानगी सक्तीची केली. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीविषयीच्या गोदावर्मन प्रकरणात सांगितले की, मालकी कोणाचीही असो, शब्दकोशातल्या अर्थाने जे वन आहे त्याला हा कायदा लागू. सिंधुदुर्गात याचा परिणाम ‘वनसंज्ञा’ नोंद असलेल्या, म्हणजे वन धरलेल्या, जमिनींवर झाला. ज्या शेतकऱ्याने उतार राखला होता त्याच्या सातबारावर शेरा आला. ज्याच्या आजोबांनी आधीच झाडे काढली होती तो मोकळा राहिला. या भागात फिरताना लोकांच्या बोलण्यात जी कडवट धार जाणवते ती इथून येते, आणि तिच्यात तथ्य आहे.

काजू : काजू पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलमधून आणला आणि तो कातळाकडेच्या पडीक जमिनीत रुजला. मोठा बदल १९९० नंतरचा. रोजगार हमी योजनेशी जोडलेल्या फळबाग योजनेत लागवडीला शंभर टक्के अनुदान मिळू लागले. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने काढलेल्या वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या जातींची कलमे गावोगाव गेली. वरकस म्हणजे हलकी उताराची जमीन, कुमरीचे जुने तुकडे, गवताळ माळ आणि काही ठिकाणी उभी झाडी, सगळ्यावर काजू चढला. त्यातून घरांना पैसा मिळाला, हे विसरून चालणार नाही. नाचणी-वरीवर पोट न भरणाऱ्या कुटुंबाला काजूबीने पहिल्यांदा हातात नगद दिली, आणि बोंडू सीमेपलीकडे गोव्यात हुर्राक-फेणीच्या भट्ट्यांना जाऊ लागला. लहान बागेत मालक बहुधा फणस, कोकम, एखादा ऐन बांधावर ठेवतो. अशी मिश्र बाग आणि डोंगर उघडा करून लावलेली एकसलग बाग यांना एकाच मापाने तोलू नये.

रबर आणि अननस : दोडामार्ग १९९९ मध्ये स्वतंत्र तालुका झाला, आणि जंगलाचे रूप सर्वांत झपाट्याने पालटले ते त्यानंतरच्या काळात. केरळमध्ये रबराच्या जमिनी महागल्या, तिथल्या बागायतदारांना इथला पाऊस आणि इथला भाव दोन्ही मानवले. पद्धत साधारण ठरलेली. सामाईक जमिनीचे हिस्से दलाल एकत्र आणतो. व्यवहार झाला की परवान्यातली आणि परवान्याबाहेरची झाडे एकाच हंगामात पडतात. लाकूड गेले की उरलेला झाडोरा जाळला जातो. मग जेसीबी येतो आणि उताराला आडव्या पायऱ्या कापतो. त्यावर ओळीने रबर. रोपे लहान असेपर्यंत मधल्या जागेत अननस. अननसाला ऊन आणि तणमुक्त माती लागते, म्हणून दोन ओळींमधली जमीन उघडी ठेवतात. इथल्या जूनच्या सरींत ती तांबडी माती तशीच ओहोळात उतरते, ओहोळातून तिलारीत, तिलारीतून धरणात. सातव्या वर्षाच्या सुमारास रबराला चीर द्यायला सुरुवात होते. पहाटे सालीवर तिरकी खाच पाडायची, खाली वाटी अडकवायची, सकाळ चढेपर्यंत चीक गोळा करायचा. एक बाग पंचवीस-तीस वर्षे चालते. तिच्या सावलीत गव्याला खाण्याजोगे फारसे काही उगवत नाही.

परिणाम : २००२ मध्ये कर्नाटकातून हत्ती सिंधुदुर्गात उतरले. त्यांचे रोजचे खाणे म्हणजे बांबू आणि भेरली माड. ही झाडे उतारावरून नाहीशी झाली तसे हत्ती केळी, माड, पोफळी आणि भाताकडे वळले. हत्ती एका रात्रीत माडाची बाग लोळवतो. नव्याने लावलेल्या माडाला फळ धरायला पाच-सात वर्षे जातात. भरपाईची रक्कम या वर्षांचा हिशेब करत नाही. गव्यांनी तर अनेक वाड्यांवर भातशेती सोडायला लावली. सोडलेला मळा पडीक राहतो, आणि पडीक मळा पुढच्या दलालाला स्वस्तात मिळतो.

दुसरा परिणाम आजाराचा. माकडताप १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याजवळ क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला. २०१६ च्या सुरुवातीला त्याचा उद्रेक दोडामार्ग तालुक्यात झाला. त्याचा विषाणू गोचिडीतून माणसाला लागतो. गोचिडीच्या पिल्लांचा सुगीचा काळ हिवाळा-उन्हाळ्याचा, आणि काजूचा हंगामही नेमका तोच. पाल्यात वाकून बिया वेचणाऱ्या बायका, मजूर, गुराखी यांना तो आधी गाठतो. बाग जंगलात जितकी आत शिरते तितका माणूस, माकड आणि गोचीड यांचा संपर्क वाढतो. गोचिडीपासून बचावासाठी अंगाला लावायचे तेल आरोग्य खात्याकडून वाटले जाते. हंगामात ते गावात वेळेवर पोहोचणे ही जिवाची बाब आहे.

खाणींचा विषय वेगळा, पण जमीन तीच. कळणे येथील लोहखनिजाच्या खाणीत साचलेले पाणी जुलै २०२१ मध्ये कडा फोडून खाली आले आणि चिखल शेतात, घरांत शिरला.

मोजमापातला घोळ : भारतीय वन सर्वेक्षण १९८७ पासून साधारण दर दोन वर्षांनी वनाच्छादनाचा अहवाल काढते. एक हेक्टर किंवा अधिक जागेवर झाडांचे छत्र दहा टक्क्यांवर असले की ती जागा वनाच्छादनात धरली जाते. झाड कोणते, जमीन कोणाची हे पाहिले जात नाही. म्हणजे वाढलेले रबर, काजू, आंबा, माड हे सगळे उपग्रहाच्या हिशेबात वन. याउलट १९८० च्या वनसंवर्धन कायद्यात, १९८८ च्या दुरुस्तीने, वनेतर वापराच्या व्याख्येत चहा, कॉफी, मसाल्याची पिके, रबर, ताड, तेलबिया व फळझाडे यांची लागवड नावानिशी घातली आहे. एकाच डोंगरावरचे रबर एका सरकारी कागदात वन आणि दुसऱ्यात वनाचा नाश ठरते. त्यामुळे मिश्र जंगल जाऊन रबर आले तरी आकड्यात काहीच गेलेले दिसत नाही. कोकणातले वनाच्छादन वाढल्याची बातमी येते तेव्हा त्यातली झाडे कोणती, हे विचारल्याशिवाय ती वाचू नये. नोंदवहीत दर हेक्टरला झाडाची जात लिहिली गेली असती, तर गेल्या पंचवीस वर्षांतले नुकसान कधीच लपले नसते.

न्यायालय आणि संवेदनशील क्षेत्र : माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ गटाने २०११ मध्ये अहवाल दिला. सगळ्या घाटाचे तीन दर्जांच्या संवेदनशील क्षेत्रांत विभाजन, अंतिम निर्णयात ग्रामसभेचा सहभाग आणि खाजगी जमिनीवर नैसर्गिक झाडी राखणाऱ्याला त्या सेवेबद्दल मोबदला अशी त्याची मांडणी होती. त्यातला मोबदल्याचा भाग चर्चेत सर्वांत कमी आला. माझ्या मते या पट्ट्यासाठी तोच सर्वांत कामाचा होता, कारण इथे राखणदार वनरक्षक नाही, शेतकरी आहे. त्या अहवालाचा फेरविचार करणाऱ्या कस्तुरीरंगन गटाच्या २०१३ च्या अहवालाने संवेदनशील क्षेत्र कमी केले. सिंधुदुर्गातल्या इतर तालुक्यांतली गावे यादीत आली, दोडामार्ग मात्र वगळला गेला.

आवाज फाउंडेशन आणि वनशक्ती या संस्थांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये या भागात वृक्षतोडीला बंदी घातली. तोड थांबली नाही, रात्रीची झाली. स्वतःच्या परड्यातला वठलेला फणस घरकामासाठी तोडू न शकणारा माणूस आणि अख्खा डोंगर उघडा करणारा बागायतदार यांना बंदीने एकाच रांगेत उभे केले, आणि त्यात अडकला बहुतेक वेळा पहिलाच. २०२० मध्ये २९.५३ चौ. किमी.चे तिलारी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झाले, त्यापाठोपाठ आंबोली–दोडामार्ग संवर्धन राखीवही. ही क्षेत्रे मुख्यतः वनखात्याच्या जमिनीवरची असल्याने मालकी जंगलाचा प्रश्न त्यांनी सुटत नाही.

मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने सावंतवाडी–दोडामार्ग संचारमार्गातील २५ गावे पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित करण्याची प्रक्रिया पूर्ण करावी, तोवर तोड होऊ देऊ नये आणि त्यावर लक्ष ठेवायला कृती दल नेमावे, असा आदेश दिला. ३१ जुलै २०२४ रोजी केंद्राने पश्चिम घाटातील सहा राज्यांसाठी सुमारे ५६,८२५ चौ. किमी. संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा मसुदा सहाव्यांदा प्रसिद्ध केला; त्यात महाराष्ट्राचा वाटा १७,३४० चौ. किमी.चा आहे. गाडगीळ गटाने सुचवलेल्या मोबदल्याची तरतूद या मसुद्यात नाही. संवेदनशील गावातला शेतकरी आपला उतार राखेल तर त्याला नियम मिळेल, उत्पन्न मिळणार नाही. आणि शेजारच्या डोंगरावर रबराची वाटी रोज सकाळी भरत राहील.