गांजाची झिंग की अफूची गुंगी?

निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावर अमली पदार्थ शोधायला गाड्या हुंगणारा कुत्रा एकाएकी सुस्तावला, पाय लटपटू लागले, की त्याला सांभाळणाऱ्या हँडलरच्या पोटात गोळा येतो. नाकातोंडात काहीतरी गेलंय खरं, पण काय? गांजा, की अफूच्या जातीतलं काही, म्हणजे हेरॉइन, फेंटानिल, ट्रामाडॉलच्या गोळ्या? लांबून कुत्रा दोन्हीत सारखाच पेंगुळलेला दिसतो.

गांजा खाल्लेला कुत्रा बसल्या बसल्या डोलतो, तोंडाजवळ हात नेला की दचकून मागे सरतो, आणि लघवी थेंबथेंब गळत राहते. मला ही गळणारी लघवी मोठी खूण वाटते. यावर उतारा नाही. शांत, अंधारी खोली, अंगावर घोंगडं (अंग गार पडतं, बेळगावच्या थंडीत तर जास्तच), लागलं तर सलाइन. झिंग दिवसभरही टिकते, पण जीव क्वचितच जातो.

अफूच्या गुंगीतला कुत्रा दचकत नाही. हाका मारा, कान चोळा, तो हलत नाही. डोळ्यांच्या बाहुल्या बहुधा टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. पण डोळे बघत बसू नका, घड्याळ लावून छाती बघत श्वास मोजा. निवांत पडलेला निरोगी कुत्रा मिनिटाला १० ते ३० श्वास घेतो. १० हून कमी भरले, हिरड्या निळसर दिसल्या, तर थांबायला वेळ नाही. इथे उतारा आहे: नॅलोक्सोन. नेहमीचा डोस किलोमागे ०.०४ मिलिग्रॅम, म्हणजे ३० किलोच्या लॅब्राडॉरला ०.४ मिलिग्रॅमच्या तीन ॲम्प्युल. निदान पक्कं नसलं तरी डॉक्टरांनी तो द्यावा, असं माझं ठाम मत आहे. गांजाच्या कुत्र्याला त्यानं फायदा होणार नाही, पण अपायही होत नाही.

खरा घात त्यानंतर होतो. इंजेक्शननंतर काही मिनिटांत कुत्रा उठतो, शेपूट हलवतो, सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. पण नॅलोक्सोनचा असर तास-दीड तासात ओसरतो, आणि पोटातलं विष त्याहून जास्त टिकू शकतं. निपाणीहून बेळगाव गाठेपर्यंत श्वास पुन्हा मंदावू शकतो. म्हणून जास्तीच्या ॲम्प्युल जीपमध्ये हव्यात, आणि वाटभर एकाचा हात कुत्र्याच्या छातीवर.

हातमोजे घालूनच त्याचं तोंड पुसा. तोंडानं श्वास देऊ नका, नाकावरची पूड तुमच्या तोंडात जाईल. आणि भांग उतरवायला माणसाला देतात तसं लिंबू किंवा ताक पाजू नका. गुंगीतल्या कुत्र्याला नीट गिळता येत नाही, ताक फुप्फुसात उतरतं.